बटण कुणी लावायचं?

सकाळची घाई. खाली शाळेची रिक्षा हॉर्न देतेय आणि चार वर्षांची स्वारी शर्टाच्या पहिल्याच बटणाशी झटापट करतेय. बटण काजात अर्धं शिरतं आणि निसटतं. "आण इकडे, मी लावते," म्हणत आई पटापट सगळी बटणं लावून मोकळी होते. रिक्षा गाठायची तर दुसरं काय करणार? पण रविवारी, कसलीच घाई नसताना, हात असाच पुढे जात असेल तर जरा विचार करायला हवा.

मानसशास्त्रज्ञ ज्युलिया लिओनार्ड आणि सहकाऱ्यांनी 2021 साली 4-5 वर्षांच्या मुलांवर केलेले काही प्रयोग प्रसिद्ध केले. अवघड कोड्याशी झगडणाऱ्या काही मुलांच्या हातून मोठ्यांनी कोडं घेतलं आणि स्वतःच सोडवलं. पुढच्या कामात या मुलांनी लवकर हात टेकले. प्रयोग काही मिनिटांचा होता. त्यावरून कुणाच्या आयुष्याचं भाकीत करू नये. पण खुणावतो तो नेमका आपल्या सवयीकडे.

मग मदत करायचीच नाही? तसंही नाही. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 3 ते 5 वर्षांच्या 30 मुलांना एकमेकांत अडकणारे 21 लाकडी ठोकळे दिले होते. त्यांचा पिरॅमिड रचायचा. तीन वर्षांच्या मुलांना मुळात कामात रमवावं लागे, करून दाखवावं लागे. चार वर्षांच्यांना बोलून सुचवलं की पुरे. पाच वर्षांची मुलं बरोबर जमलंय ना, एवढीच खात्री करून घेत. मला यातलं सगळ्यात गमतीचं वाटतं ते वेगळंच: तीन वर्षांच्या मुलांना स्वतः रचता येत नसे, पण चुकीची जोडणी ओळखून ती सोडवता येई. समज हाताच्या पुढे धावत असते. म्हणजे चुकतमाकत बसलेल्या मुलाला काहीच कळत नाही, हा आपला समज बऱ्याचदा खोटा असतो.

वुड यांनी याच ठोकळ्यांवरून मदतीच्या पायऱ्याही मांडल्या. आधी नुसतं "पुढे काय करशील?" मग नेमकी सूचना, मग योग्य ठोकळा बोटाने दाखवणं, मग तो हाताशी नीट धरून देणं, आणि सगळ्यात शेवटी स्वतः करून दाखवणं. मूल अडलं की एक पायरी मदत वाढवायची. जमलं की मागे सरायचं. बटणाचंही असंच: काज ताणून धरा, बटण त्याला ढकलू द्या. बहुतेक आईबाप वाढवायला तत्पर असतात, मागे सरायला विसरतात.

रस्ता ओलांडताना मात्र हे चालत नाही. तिथे चूक करून शिकायला वावच नाही. जवळ येणारं वाहन डोळ्यांत जसजसं मोठं होत जातं, त्यावरून आपण त्याचा वेग ताडतो. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ जॉन वॅन यांच्या गटाने 2011 साली दाखवलं, की ताशी सुमारे 32 किलोमीटरहून जोरात येणाऱ्या गाड्यांचा हा अंदाज प्राथमिक शाळेतल्या मुलांना विश्वासाने बांधता येत नाही. पोर कितीही शहाणं, समजूतदार असो; मुद्दा शहाणपणाचा नाही, अजून पक्व न झालेल्या दृष्टीच्या जाणिवेचा आहे. "गाडी लांब आहे, जाऊया का?" हे त्याला जरूर विचारा. हात मात्र धरूनच.