सिताराची शेपटी

पतंगाचं सुत्तर बांधताना गाठ जराशी सरकली, की पतंग वर चढतो न चढतो तोच एका अंगाला गरागरा फिरत खाली येतो. त्यावरचा उपाय गल्लीतल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतो: चिंधीची शेपटी बांधायची. पतंग लगेच शहाण्यासारखा उडू लागतो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, बंगळुरूत घडवलेल्या ‘सितारा’ या प्रशिक्षण जेटचं दुखणं बरंचसं याच जातीचं होतं आणि इलाजही शेपटीतच निघाला. पोराचं काम पाच मिनिटांत होतं. इथे पहिल्या उड्डाणापासून जवळपास १९ वर्षं गेली.

हवाई दलाचा वैमानिक तीन पायऱ्या चढून लढाऊ विमानापर्यंत पोचतो. पहिली पायरी पंख्याच्या साध्या विमानाची, शेवटची ‘हॉक’सारख्या वेगवान जेटची. मधल्या पायरीवर कित्येक दशकं ‘किरण’ होतं. त्याचं पहिलं उड्डाण सप्टेंबर १९६४ मधलं. ते ज्यांच्या देखरेखीखाली घडलं ते डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिकी शिकली होती. प्रांट्ल म्हणजे या शास्त्राचे आद्य पुरुषच. ‘सूर्यकिरण’ या हवाई कसरतींच्या पथकाची जुनी विमानं ज्यांनी पाहिली असतील, त्यांनी किरण पाहिलेलं आहे.

किरणची जागा घेण्यासाठी सितारा. १९९९ मध्ये सरकारने दोन नमुना विमानांना मंजुरी दिली आणि ७ मार्च २००३ ला पहिलं विमान उडालंसुद्धा. भारतीय विमान प्रकल्पाच्या मानाने ही भलतीच घाई. पुढे मात्र गाडी अडखळली. मूळचं फ्रेंच ‘लार्झॅक’ इंजिन सुमारे १,४०० किलोचा रेटा देई. तो अपुरा पडला, म्हणून सुमारे १,७०० किलो रेट्याचं रशियन ‘एएल-५५आय’ घ्यायचं ठरलं. ते बसवून उडायला २००९ उजाडलं. मधे २००७ च्या एरो इंडिया प्रदर्शनात उड्डाणासाठी धावतानाच एका नमुन्याच्या कॉकपिटचं काचेचं झाकण उघडलं आणि विमान धावपट्टी सोडून गेलं. २०११ मध्ये तमिळनाडूत एक नमुना कोसळला. दोन्ही वैमानिक हवाई छत्रीने सुखरूप उतरले.

किरणमध्ये गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी बसत. शिष्याचा हात कुठे थरथरतो, नजर कोणत्या काट्यावर अडकलीये, हे गुरूला थेट दिसे. सितारात दोघं मागे-पुढे बसतात. लढाऊ विमानाच्या कॉकपिटची सवय लवकर व्हावी हा हेतू. मागची खुर्ची उंच ठेवलेली असल्यामुळे गुरूला शिष्याच्या डोक्यावरून धावपट्टी दिसते, चेहरा मात्र दिसत नाही. या बदलात शिकवण्याचं काहीतरी हरवलं असं मला वाटतं, पण जगभरची जेट प्रशिक्षण विमानं याच वाटेने गेली आहेत.

खरी अडचण होती ती स्पिनची, म्हणजे विमान गरगरत खाली येण्याची. पंख हवेला ज्या कोनात सामोरा जातो, तो वाढवत नेला की उचल वाढत जाते. साधारण पंधरा अंशांच्या आसपास मात्र पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून देते आणि उचल एकदम ढासळते. हा स्टॉल. यात इंजिन बंद पडत नाही, पंखाचं काम बंद पडतं. दोन्ही पंख एकाच वेळी ढासळले तर नाक खाली जातं, वेग वाढतो आणि विमान सावरतं. पण एक पंख आधी ढासळला, तर तो खाली जातो. खाली जात असल्यामुळे त्याच्यावर येणाऱ्या हवेचा कोन आणखी वाढतो, म्हणून तो आणखी ढासळतो. दुसरा पंख वर चाललेला असतो, त्याचा कोन कमी होतो आणि तो बऱ्यापैकी काम करत राहतो. झालं, हे चक्र आता स्वतःच स्वतःला फिरवतं. एकेका फेरीला शेकडो फूट उंची जाते.

यातून सुटायचा मार्ग मनाला पटत नाही, म्हणूनच तो शिकवावा लागतो. जमीन गरगरत अंगावर येताना हात आपसूक विमान चालवायची दांडी मागे ओढतो, आणि तेच चुकीचं. इंजिन मंद करायचं, दांडी डावी-उजवीकडे न हलवता मधे धरायची, फिरण्याच्या उलट दिशेचं पॅडल पायाने पूर्ण दाबायचं आणि दांडी पुढे ढकलायची. फिरणं थांबलं की पाय सरळ करून, नाक खाली करून सूर मारणारं विमान हळूच वर काढायचं.

तेव्हा प्रशिक्षण विमानाकडून विचित्र अपेक्षा असते: त्याने सांगितल्यावर बिघडावं, थरथरून आधी सूचना द्यावी, आणि शिष्याने योग्य पॅडल दाबताच सुधारावं. प्रवासी विमानाकडून असलं कुणी मागत नाही. सितारा नेमकं इथे नापास होत होतं. स्टॉलच्या वेळी ते सरळ खाली न झुकता एका पंखावर कलंडे. स्पिनच्या चाचण्या २०१६ मध्ये थांबवाव्या लागल्या.

आता शेपटी. स्पिनमध्ये विमान जवळजवळ पोटावर पडत असतं, म्हणजे हवा खालून येते. शेपटीचे आडवे पंख त्या हवेला अडवतात, आणि त्यांच्या वर उभं असलेलं पातं व त्यावरचं सुकाणू, रडर, गढूळ हवेच्या सावलीत सापडतं. वैमानिकाने पॅडल कितीही दाबलं तरी रडरला धरायला हवाच नसते. एचएएलच्या अभियंत्यांनी ते उभं पातं मागे सरकवलं आणि रडर खालच्या बाजूला वाढवलं. मागे सरकल्याने त्याची तरफ लांब झाली आणि खालचा भाग सावलीबाहेर, स्वच्छ हवेत आला. ऐकायला सुताराचं काम वाटतं. पण शेपटी हलली की वजनाचा तोल हलतो, सांगाडा नव्याने तपासावा लागतो आणि आधीची कित्येक उड्डाणं हिशेबातून बाद होतात. बदललेलं विमान एप्रिल २०१९ मध्ये उडालं.

स्पिनचं गणित कागदावर आजही पुरतं सुटत नाही. अमेरिकेत लँग्ली इथे १९४१ मध्ये २० फूट रुंदीचा एक उभा बोगदा सुरू झाला. खालून वर वारा सोडतात आणि विमानाची छोटी प्रतिकृती आत चक्क हाताने भिरकावतात. ती हवेत तरंगत फिरत राहते आणि बघणारे तिच्या फेऱ्यांचा अभ्यास करतात. प्रत्यक्ष उड्डाणाच्या वेळी विमानाच्या शेपटीला एक खास छत्री बसवलेली असते. सगळे उपाय थकले तर ती उघडून विमानाला शेपटीने वर ओढायचं. पुन्हा पतंगाची चिंधीच म्हणा ना! सिताराच्या स्पिन चाचण्या २०२० च्या अखेरीस सुरू झाल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये एचएएलने जाहीर केलं, की विमान डावीकडे आणि उजवीकडे प्रत्येकी सहा फेऱ्यांचा स्पिन घेऊन बाहेर येऊ शकतं. २०२५ च्या एरो इंडियात त्याचं नाव बदलून ‘यशस’ ठेवलं गेलं.

एवढ्या काळात जग पुढे गेलं, हेही खरं. इटलीचं ‘एम-३४६’ किंवा आपलं ‘तेजस’ उडवताना वैमानिक आणि पंख यांच्या मधे संगणक बसलेला असतो. दांडी नको तेवढी ओढली तरी तो विमानाला स्पिनकडे जाऊच देत नाही. मग सहा फेऱ्यांचा अट्टहास कशाला, असं विचारणारे आहेत, आणि त्यांचा प्रश्न गैर नाही. माझं मत जुन्या वळणाचं आहे. यशसमध्ये असा संगणक मधे नाही, आणि पहिल्यांदा स्पिनमध्ये शिरलेल्या शिष्याचा हात दांडी मागे ओढतो की पुढे ढकलतो, हे मागच्या खुर्चीवरच्या गुरूला पहिल्या दोन फेऱ्यांतच कळतं. चेहरा दिसत नसला तरी.