प्रश्नातून उगवलेला सैतान

१९८३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावात एका आईने पोलिसांत तक्रार केली की, मॅकमार्टिन बालवाडीतल्या शिक्षकाने आपल्या मुलाशी लैंगिक गैरवर्तन केलं. तपास व्हायलाच हवा होता. पण पोलिसांनी संशयिताचं नाव घालून सुमारे २०० पालकांना पत्रं धाडली: मुलांना विचारून बघा. पुढे जवळपास ४०० मुलांच्या मुलाखती झाल्या. आधी ‘नाही’ म्हणणारी मुलं हळूहळू जमिनीखालचे बोगदे, प्राण्यांचे बळी, उडणाऱ्या चेटकिणी यांबद्दल बोलू लागली. सैतानपूजकांच्या गुप्त टोळ्या मुलं पळवतात, या भीतीने तेव्हा अमेरिकेला घेरलं होतं. मोठ्यांना हे सगळं पटलं.

ही मुलं लबाड नव्हती. ‘तुझ्या मित्रांनी सांगितलं, आता तू सांग’ असं त्यांना म्हटलं जाई. ‘हो’ म्हटलं की शाबासकी मिळे, ‘नाही’ म्हटलं की पुन्हा तोच प्रश्न. मोठी माणसं तेच तेच विचारतात म्हणजे आपलंच उत्तर चुकलं असणार, असं लहान मुलाला वाटतं.

१९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी हीच पद्धत तपासली. एका पाहुण्याने बालवाडीत येऊन गोष्ट सांगितली. आठवड्याने ३ ते ६ वर्षांच्या मुलांना त्याने न केलेल्या वागण्याबद्दल विचारलं. नुसत्या सूचक प्रश्नांना १७ टक्के वेळा चुकीचा ‘हो’ आला. त्याला शाबासकीची आणि ‘बाकीचे हो म्हणाले’ची जोड दिल्यावर ५८ टक्के, तेही पाच मिनिटांच्या आत!

मॅकमार्टिन खटल्यावर सात वर्षं आणि सुमारे दीड कोटी डॉलर खर्ची पडले. एकही आरोप सिद्ध झाला नाही, पण एक आरोपी त्याआधीच पाच वर्षं तुरुंगात काढून बसला होता. सैतानी टोळ्यांनी संघटितपणे खून पाडल्याचा पुरावा एफबीआयच्या तज्ज्ञालाही १९९२ पर्यंत सापडला नाही.

मला जास्त टोचतं ते मुलांचं. ज्या लेकरावर खरोखर अत्याचार झालेला असतो, त्याची साक्षही अशा प्रश्नांनी गढूळ होते. म्हणून आता प्रशिक्षित मुलाखतकार आधी ‘काय झालं ते सगळं सांग’ एवढंच म्हणतात आणि थांबतात.

२००५ मध्ये त्या मुलांपैकी एकाने, तोवर तिशीत आलेल्या माणसाने, वृत्तपत्रातून जाहीर सांगितलं की तेव्हा आपण खोटं बोललो होतो. समोरच्यांना काय ऐकायचंय, ते त्याला कळत होतं.