सागवान कधी तोडायचं? उत्तर आहे विड्यांच्या हिशोबात

मागच्या महिन्यात मोहोळला मामाकडं गेलो होतो. विहिरीकडच्या बांधावर त्यांनी सागवान लावलेत, १५ वर्षं झाली, आणि आदल्या दिवशीच व्यापारी बघून गेलेला. मामा म्हणाले, "चांगला घेर धरलाय की रे, देऊन टाकू का?" मी म्हटलं, "थांबा मामा, आधी टेप आणा."

झाडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजतात, आपल्या छातीएवढ्या उंचीवर, कारण बुंधा खाली फुगलेला असतो आणि तिथं आकडा फसवतो. एका झाडाचा घेर भरला २४ इंच. आता वखारीतला जुना हिशोब असा, की घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. १० फुटांचा ओंडका धरला तर अडीच घनफूट. (खरं लाकूड यापेक्षा जास्त असतं, हे सूत्र साधारण ७८ टक्केच धरतं, बाकीचं साल आणि कापणीतल्या घटीत गेलं असं समजतात.) हेच झाड ३६ इंचांवर गेलं की लाकूड होतं साडेपाच घनफुटांच्या वर. घेर दीडपट, लाकूड सव्वादोन पट!

म्हणजे पहिल्या १५ वर्षांत अडीच घनफूट, आणि याच वेगानं घेर वाढत राहिला तर पुढच्या ७-८ वर्षांतच आणखी तीन.

मग तोडायचं कधी? सोलापूरकरांना हे विड्यांवरून पटकन कळेल. विड्या वळणाऱ्या बाईची रोजची सरासरी समजा ८०० आहे. आज तिनं ९०० वळल्या तर सरासरी वर जाणार, ७०० वळल्या तर खाली. झाडाचंही तसंच, यंदाची वाढ आजवरच्या वार्षिक सरासरीपेक्षा जास्त आहे तोवर झाड उभं ठेवायचं, आणि दोन्ही आकडे जिथं सारखे होतात तिथं त्या जमिनीतून दरवर्षाला जास्तीत जास्त लाकूड मिळतं. मामांचं झाड त्या टप्प्यापासून अजून लांब होतं. पैशाचं व्याज धरलं की गणित बदलतं, बहुतेक वेळा तोडणी अलीकडं येते, हे सूत्र जर्मनीच्या मार्टिन फाउस्टमान यांनी १८४९ मध्येच मांडलं.

पण एका झाडाचं ठीक आहे, अख्ख्या जंगलाचं काय करायचं? इथं मला डीट्रिश ब्रँडिस फार मोठा माणूस वाटतो. मूळचा जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ, १८५६ मध्ये ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांवर नेमला गेला. बेसुमार तोड चाललेली आणि किती झाडं उरलीत ते नीट कुणालाच माहीत नाही. हा माणूस हत्तीवर बसून ठरलेल्या वाटेनं जंगलातून जायचा, हातात बांबूच्या कामट्या आणि चाकू, जाडीप्रमाणे झाडांचे वर्ग पाडलेले, झाड दिसलं की त्या त्या वर्गाच्या कामटीवर एक खाच. कागद भिजेल अशा जंगलात याहून चांगली वही कुठली मिळणार! मग त्यानं काढलं, की दुसऱ्या वर्गातली किती झाडं वर्षाला पहिल्या, म्हणजे सगळ्यात जाड झाडांच्या वर्गात येतात, आणि तोड त्याच हिशोबात बसवायची. १८६४ मध्ये तो हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला.

दुसरी गोष्ट विरळणीची. ज्वारीची विरळणी आपल्याकडं कुणाला शिकवावी लागत नाही, पण झाडांच्या बाबतीत तोच शेतकरी कचरतो. साग दोन बाय दोन मीटरवर लावला तर हेक्टरी २५०० रोपं बसतात, ती सगळी ठेवली तर सगळीच काठ्यांसारखी राहणार. म्हणून पहिल्या ५ ते १० वर्षांत मधली काढून टाकतात, उरलेल्यांना ऊन आणि मुळांना जागा मिळते. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या भागात तर खरी मारामारी पाण्याचीच, म्हणून इथं विरळणी जास्तच गरजेची. आणि हो, प्रत्येक मोकळ्या जागी झाडं लावायचीच असंही नाही, सोलापूरजवळच्या नान्नजचं माळरान हे गवताचंच आहे, माळढोक पक्ष्याला तिथं दाट झाडी नको असते.

मामांना अजून एक दाखवलं. छाटलेल्या जाड फांदीत कडेला पांढरं लाकूड जास्त, मधला तपकिरी गाभा बोटाएवढा. वाळवीला टिकतो तो गाभा, आणि तो वयाबरोबर वाढतो. मामा बराच वेळ ती फांदी हातात फिरवत बसले, मग त्यांनी व्यापाऱ्याला फोन करून नाही सांगितलं. आता प्रत्येक झाडावर साडेचार फुटांवर ऑइलपेंटचा पट्टा मारलाय, आणि दर पाडव्याला घेर वहीत लिहायचा ठरलंय.