जीएम पीक सुरक्षित? पण कशाच्या तुलनेत?

'जीएम पिकं, म्हणजे प्रयोगशाळेत जीन बदललेली पिकं, सुरक्षित आहेत का?' हा प्रश्न नेहमी अर्धाच विचारला जातो. कशाच्या तुलनेत, हे विचारणारा विसरतो. पारंपरिक वाण निर्धोकच असणार, हे आपण मनाशी धरून चालतो. अमेरिकेत १९६७ साली 'लेनापी' हा बटाटा आला. साध्या संकरातून काढलेला, चिप्ससाठी नामी. पण त्यात सोलानिनसारखी विषारी द्रव्यं फार निघाली आणि १९७० मध्ये तो मागे घ्यावा लागला.

जीएम पिकाची तपासणी तुलनेवरच उभी असते. त्याच्या शेजारी, त्याच खतपाण्यावर, त्याचं मूळ वाण आणि बाजारातली इतर काही वाणं लावतात. मग प्रथिनं, तेल, जीवनसत्त्वं, पिकाची अंगभूत विषं असं सगळं मोजतात. फरक दिसला, तर तो वाणावाणांतल्या नेहमीच्या चढउतारात बसतो का, ते पाहतात.

खरी गंमत घातलेल्या जीनमुळे पिकात तयार होणाऱ्या नव्या प्रथिनाची. त्याच्या अमिनो आम्लांची साखळी आधी माहीत असलेल्या ॲलर्जीकारक प्रथिनांशी ताडून पाहतात. ८० अमिनो आम्लांच्या पट्ट्यात ३५ टक्क्यांहून जास्त साम्य आढळलं की पुढची चौकशी. मग पेप्सिन. जठरातलं हे विकर बहुतेक प्रथिनांचे तुकडे पाडतं. पण शेंगदाण्यातली काही ॲलर्जीकारक प्रथिनं गंधकाच्या बंधांनी इतकी घट्ट आवळलेली असतात, की ती बऱ्यापैकी शाबूत आतड्यापर्यंत पोचतात आणि तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशींशी गाठ पडते. म्हणून परीक्षानळीत आम्ल, पेप्सिन आणि नवं प्रथिन एकत्र करतात, ठरावीक वेळाने थेंब काढून जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या लगद्यावर) चालवतात. प्रथिन पचत गेलं की त्याची निळी पट्टी फिकी होत नाहीशी होते. बीटी पिकांतल्या (एका जीवाणूचं कीडनाशक जीन घातलेल्या पिकांतल्या) 'क्राय१एसी' या कीडनाशक प्रथिनाची पट्टी झटकन जाते. त्याच जातीच्या 'क्राय९सी'ची बराच वेळ रेंगाळते.

(जीन खाल्लं की अंगात शिरतं, असं सांगणाऱ्यांनी एवढंच आठवावं, की भाजीच्या प्रत्येक घासात हजारो जीन असतात. आणि 'जीएम म्हणजे शंभर टक्के सुरक्षित' ही जाहिरातही तितकीच पोकळ, कारण चाचणी होते ती एकेका बदलाची, सरसकट तंत्राची नव्हे.)

क्राय९सी असलेल्या 'स्टारलिंक' मक्याला अमेरिकेत फक्त जनावरांच्या खाद्यापुरती परवानगी होती. २००० साली तो माणसांच्या टाकोमध्ये (मक्याच्या दुमडलेल्या मेक्सिकन पोळीत) सापडला आणि दुकानांतून माल परत घ्यावा लागला. त्रास झाल्याची तक्रार करणाऱ्यांपैकी काही जणांचं रक्त तपासलं. या प्रथिनाच्या ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही. पण शेतापासून गोदामापर्यंत मका वेगळा राहत नाही हे उघड झालं, आणि अशी निम्मी परवानगी देणं अमेरिकेने थांबवलं.