रक्त : ‘मॅकबेथ’मधील अपराधाचे प्रतीक

विल्यम शेक्सपिअरने सुमारे १६०६ साली लिहिलेल्या आणि १६२३ च्या फोलिओत (त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत) प्रथम छापल्या गेलेल्या ‘मॅकबेथ’ या शोकांतिकेत रक्त हे अपराधाच्या जाणिवेचे मुख्य प्रतीक आहे. स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ बायकोच्या चिथावणीने, घरी पाहुणा म्हणून आलेल्या डंकन राजाचा झोपेत खून करतो. त्या रात्री हाताला लागलेले रक्त दोघांचीही पाठ शेवटपर्यंत सोडत नाही.

नाटकात पहिल्यांदा दिसणारे रक्त मात्र कलंकाचे नाही. रणांगणातून आलेला रक्तबंबाळ शिपाई मॅकबेथच्या पराक्रमाची हकीकत सांगतो आणि राजा त्याला म्हणतो, तुझ्या शब्दांइतक्याच तुझ्या जखमाही तुला शोभतात. रक्त येथे मानाचे आहे. पुढे तलवारीच्या जागी खंजीर येतो, शत्रूच्या जागी झोपलेला म्हातारा येतो, आणि त्याच हाताला लागलेले रक्त पाप ठरते.

दुसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश या प्रतीकाचा गाभा आहे. खून करून मॅकबेथ रक्ताळलेले खंजीर हातात घेऊनच बाहेर येतो. ते जागेवर ठेवायचे भानही त्याला राहिलेले नाही. परत आत जायला तो धजत नाही. तेव्हा लेडी मॅकबेथ स्वतः आत जाते आणि झोपलेल्या पहारेकऱ्यांच्या तोंडाला रक्त फासते, म्हणजे आळ त्यांच्यावर जाईल. या ठिकाणी ‘गिल्ड’ (सोन्याचा मुलामा देणे) आणि ‘गिल्ट’ (अपराध) यांवर श्लेष आहे. तो मराठीत आणणे फार अवघड. इकडे मॅकबेथला वाटते, सागरदेव नेपच्यूनचा अख्खा महासागरही हा हात धुऊ शकणार नाही, उलट हा हातच हिरवा समुद्र लाल करून टाकील. ती परतते तेव्हा तिचेही हात लाल असतात. ती म्हणते, थोड्याशा पाण्याने हे सगळे धुऊन निघेल.

तिसऱ्या अंकात मॅकबेथ आपला सोबती सरदार बँको याचा खून करवतो. मारेकऱ्याच्या तोंडावर बँकोचे रक्त दिसते, मेजवानीत बँकोचे भूत येऊन बसते. ‘रक्ताला रक्तच लागते’ हे मॅकबेथला कळते. तरी तो थांबत नाही. रक्तात आपण इतके आत आलो आहोत की मागे फिरणे पैलतीर गाठण्याइतकेच जड आहे, असा त्याचा हिशेब आहे.

पाचव्या अंकात लेडी मॅकबेथ झोपेत चालते आणि हात चोळत राहते. पाणी नाही, डागही नाही. त्या रात्रीचे टोल ती ‘एक, दोन’ असे मोजते. म्हाताऱ्याच्या अंगात एवढे रक्त असेल असे कुणाला वाटले होते, असे विचारते. तिला रक्ताचा वासही येतो. अरबस्तानातली सगळी अत्तरे ओतली तरी हा चिमुकला हात सुगंधी होणार नाही, असे तिला वाटते. पाहणारा वैद्य म्हणतो, हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज आहे. खरे रक्त होते तेव्हा जिला ओंजळभर पाणी पुरेसे वाटले, तिलाच नसलेले रक्त धुता येत नाही. प्रेक्षकाला तिचा हात स्वच्छ दिसत असतो, म्हणूनच हा प्रवेश अंगावर येतो.

मॅकबेथची कबुली शेवटच्या लढाईत येते, तीही ओझरती. ज्याच्या बायकामुलांना त्याने मारवले, तो सरदार मॅकडफ समोर येतो तेव्हा मॅकबेथ त्याला मागे फिरायला सांगतो : तुझ्या माणसांच्या रक्ताचा भार माझ्या आत्म्यावर आधीच फार झाला आहे.

मराठीत शिवराम महादेव परांजपे यांचे ‘मानाजीराव’ आणि वि. वा. शिरवाडकर यांचे ‘राजमुकुट’ (१९५४) ही नाटके ‘मॅकबेथ’वरून रचलेली आहेत.

हात चोळण्याचा प्रसंग रंगमंचावर कसा करायचा, यात इंग्रज अभिनेत्री सारा सिडन्स हिचे नाव प्रथम घ्यावे लागते. लेडी मॅकबेथने या प्रवेशात मेणबत्ती हातातून सोडायची नाही, असा तोवर रिवाज होता. १७८५ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात सिडन्सने ती खाली ठेवली. व्यवस्थापक शेरिडन यांनी आधी हरकत घेतली होती, पण तिने ऐकले नाही. हात धुवायचे तर दोन्ही हात मोकळे हवेत.