राखणदार, मामा, मावशी, सपोर्ट वर्कर: मनोरुग्णांच्या वॉर्डातल्या एका कामाची पार्श्वभूमी

२०२१ साली संसदेत एक कायदा झाला, नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स ॲक्ट, नाव एवढं लांबलचक की पूर्ण कोणी घेतच नाही. त्याच्या परिशिष्टात एक्सरेवाले, डायलिसिसवाले, फिजिओवाले अशी सगळ्यांची यादी आहे आणि बिहेवियरल हेल्थ सायन्सेसच्या गटात एक पद लिहिलंय, मेंटल हेल्थ सपोर्ट वर्कर. वाचलं तेव्हा मला आधी हसू आलं, कारण मी चार वर्षं एका पुनर्वसन केंद्रात नेमकं हेच काम केलंय आणि माझ्या पगारपत्रकावर लिहिलेलं असायचं 'हेल्पर'. पेशंट दादा म्हणायचे, नातेवाईक वॉर्डबॉय म्हणायचे, आणि घरी आई शेजारच्यांना सांगायची की तो दवाखान्यात आहे, कुठल्या ते नको विचारू.

काम काय असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचा इतिहास हवेत राहील. सकाळी ड्युटी घेताना पहिली गोष्ट म्हणजे माणसं मोजून घ्यायची, रात्रपाळीवाला म्हणणार एकेचाळीस आणि तुम्ही स्वतः खाटेखाटेला जाऊन एकेचाळीस मोजणार, त्याच्या शब्दावर सही करायची नाही. मग आंघोळी, नखं, दाढ्या, उवा. मग गोळ्या. सिस्टर गोळी देते पण ती गिळली का ते बघायचं काम आपलं, तोंड उघड, जीभ वर कर, आता गालात बघू दे. काही पेशंट गोळी हिरडीमागे एवढी सफाईने ठेवतात की पाणी प्यायल्यावरही तिथेच, आणि मग दुपारी गादीच्या शिवणीत चार दिवसांच्या गोळ्या सापडतात. पण हेही खरं की जो माणूस तुम्हाला गोळी फसवतो तोच रात्री अडीच वाजता येऊन तुम्हाला सांगतो की आवाज परत यायला लागलेत. डॉक्टरांना ते दुसऱ्या दिवशी राऊंडला कळतं, तेही तुम्ही रजिस्टरमध्ये लिहिलं तर.

तर हा माणूस आला कुठून?

युरोपात त्याला सरळ कीपर म्हणायचे, म्हणजे राखणदार, जनावरं राखतात तसा. साखळ्या, काठी, पहारा. यात पहिला मोठा बदल झाला तो फ्रान्समध्ये आणि त्याचं श्रेय पुस्तकांत डॉक्टर पिनेलला मिळतं, बेड्या सोडवतानाचं त्याचं मोठं चित्रही आहे. पण पॅरिसजवळच्या बिसेत्रच्या इस्पितळात १७९७ मध्ये साखळ्या प्रत्यक्ष काढल्या त्या ज्याँ-बातिस्त प्युसाँ नावाच्या माणसाने, पिनेल तोवर तिथून बदलून गेलेला होता. हा प्युसाँ डॉक्टर नव्हता. तो तिथे गंडमाळांवर उपचार घ्यायला पेशंट म्हणून आला, बरा झाला, तिथेच राहिला आणि हळूहळू वेड्यांच्या विभागाचा कारभारी झाला. नोकर नेमताना तो शक्यतो बऱ्या झालेल्या पेशंटांनाच घ्यायचा आणि मारहाण बंद म्हणजे बंद. पिनेल बिसेत्रला आला १७९३ मध्ये, त्याने हे सगळं बघितलं, टिपून ठेवलं आणि पुढे १८०२ मध्ये प्युसाँला आपल्याकडे साल्पेत्रिएरच्या इस्पितळात बोलावूनही घेतलं. म्हणजे आधुनिक मानसोपचाराच्या मुळाशीच एक वॉर्डमामा बसलाय असं मी म्हणतो, जरा आगाऊपणा वाटेल पण म्हणतो.

ब्रिटनमध्ये १८८५ ला अटेंडंट लोकांसाठी, म्हणजे वॉर्डात पेशंट सांभाळणाऱ्यांसाठी, एक छोटं हॅण्डबुक निघालं, लाल कव्हरामुळे पुढे रेड हॅण्डबुक म्हणून ओळखलं गेलेलं, आणि १८९१ पासून परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायला सुरुवात झाली. त्यातूनच तिकडे मानसिक आरोग्याचं नर्सिंग उभं राहिलं. पण शिकलेला अटेंडंट नर्स झाला की खालची जागा परत रिकामी, आणि तिथे परत न शिकलेला माणूस. ही शिडी तेव्हापासून अशीच आहे.

आपल्याकडे इंग्रजांनी असायलम, म्हणजे वेड्यांची इस्पितळं, अठराव्या शतकापासूनच काढली होती, १८५८ ला त्यांच्यासाठी ल्युनॅटिक असायलम कायदा आला. नागपूर १८६४, रत्नागिरी १८८६, ठाणे १९०१, आणि मुंबईत कुलाब्याला होतं तिथले पेशंट १९१५ च्या सुमारास येरवड्याला आले. आज ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि चौघांच्या मिळून मंजूर खाटा ५,६९५, त्यातल्या २,५४० एकट्या येरवड्यात. पुण्यात 'येरवड्याला पाठवू का' म्हटलं की जेल की इस्पितळ हे समोरच्याने आपापल्या पापाप्रमाणे ठरवायचं, दोन्ही तिथेच. विनोद सोडा, पण हे शेजारपण नुसतं जागेचं नव्हतं. १९०५ पर्यंत अशा असायलमांवर देखरेख असायची तुरुंगांच्या इन्स्पेक्टर जनरलची, त्यानंतर ती सिव्हिल सर्जनकडे गेली. तुरुंग खात्याच्या हाताखालचं इस्पितळ म्हटल्यावर वॉर्डात उभा राहणारा माणूस पहारेकरीच असणार ना. कुलूप, किल्ल्यांचा जुडगा, मोजदाद, पळून गेला तर जाब. १९१२ चा ल्युनसी ॲक्ट आला, पुढच्या दशकात असायलमची मेंटल हॉस्पिटलं झाली, पाटी बदलली पण जुडगा कमरेलाच राहिला. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात अख्ख्या देशात मनोरुग्णांसाठी दहा हजारांच्या आसपास खाटा असल्याचं लिहिलंय, तेव्हाची लोकसंख्या चाळीस कोटींच्या घरात, त्यामुळे वॉर्डात गर्दी किती आणि त्यामागे सांभाळणारा माणूस किती याचा हिशोब तुम्हीच करा.

त्याच काळात अमेरिकेत एक विचित्र गोष्ट घडत होती. दुसऱ्या महायुद्धात बंदूक धरायला नकार देणाऱ्या, बहुतेक धार्मिक कारणाने, अशा सुमारे ३,००० तरुणांना सरकारने मनोरुग्णालयांत अटेंडंट म्हणून लावलं, कारण जुने अटेंडंट युद्धावर गेलेले. ही शिकलेली, लिहिणारी मुलं. फिलाडेल्फियाच्या बायबेरी इस्पितळात त्यांनी उघडे-नागडे पेशंट, मारहाण, घाण बघितली आणि लिहून ठेवली, फोटो काढले, १९४६ मध्ये लाइफ मासिकात ते छापून आलं आणि देश हादरला. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते, वॉर्डातला माणूस कायम असतो, पण तो लिहू शकेल आणि नोकरी गेली तरी चालेल अशा स्थितीत क्वचितच असतो.

भारतातला खरा वेगळा प्रयोग माझ्या मते अमृतसरचा. १९५० च्या दशकात तिथले अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना पेशंटजवळ राहायला लावलं. पुढे वेल्लोरला आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मोठ्या मानसिक आरोग्य संस्थेत ही पद्धत रुजली. पेशंट लवकर घरी जायला लागले हे झालंच, पण दुसरंही झालं की देखभालीचं काम घरच्यांवर, म्हणजे खरं सांगायचं तर घरच्या बायकांवर, बिनपगारी गेलं. आजही सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत पेशंटचा दंड धरून रांगेत उभी असते ती आई किंवा बायको, सपोर्ट वर्कर तीच.

आणि प्युसाँची गोष्ट आपल्याकडेही झाली, येरवड्यातच. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा ब्राऊन शुगरची साथ होती, पुलं आणि सुनीताबाईंनी देणगी दिलेली. तिथे व्यसनातून बाहेर पडलेलेच लोक पुढे कार्यकर्ते, समुपदेशक झाले. नव्याने आलेल्या मुलाने 'तुम्हाला काय कळणार' म्हटलं की समोरचा सांगू शकतो की मी त्याच खाटेवर होतो. हे उत्तर कुठल्याही डिग्रीवाल्याकडे नाही.

मग संशोधनवाले आले. गोव्यात संगाथ संस्थेने आरोग्याचं आधी काहीही न शिकलेल्या स्थानिक लोकांना दोनेक महिने शिकवून डिप्रेशनच्या पेशंटांसाठी समुपदेशक केलं, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत पेशंट बरे होण्याचं प्रमाण वाढलं, खाजगी डॉक्टरांकडे मात्र फरक दिसला नाही. नंतर गोवा, सातारा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या २८२ पेशंटांवर अभ्यास झाला, २०१४ चा, गावातल्या कार्यकर्त्याने घरी जाऊन मदत करायची. फायदा झाला पण बेताचा, आणि ठळक दिसला तो तमिळनाडूत. मला हा बेताचा निकाल उलट विश्वासाचा वाटतो, आम्ही जादू करत नाही हो. चेन्नईच्या बनियन या संस्थेने २०१५ पासून होम अगेन नावाचा उपक्रम सुरू केला, वर्षानुवर्षं इस्पितळात अडकलेल्या माणसांनी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहायचं आणि सोबत एक मदतनीस, भाजी आणायला, बँकेत जायला, गोळीची आठवण द्यायला. राखणदाराच्या अगदी उलट टोक.

कायद्याचं म्हणाल तर मधे ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागून साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले, तेव्हा कुठे सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्यात साखळीला पूर्ण बंदी, सक्तीने टक्कल करायचं नाही, पेशंटला स्वतःचे कपडे घालू द्यायचे, आणि बांधायचंच झालं तर दुसरा इलाजच नसेल तेव्हा, सायकियाट्रिस्टच्या परवानगीने, नोंद करून. सगळं योग्य आहे. पण ही प्रत्येक गोष्ट प्रत्यक्षात करणारा किंवा न करणारा हात कोणाचा? मेंटल हेल्थ प्रोफेशनलच्या व्याख्येत मानसोपचारतज्ज्ञ आहेत, सायकॉलॉजिस्ट आहेत, सोशल वर्कर, नर्स आहेत, आयुषवालेही आहेत. आम्ही नाही. मला बांधायचं कसं, म्हणजे मनगटाखाली दोन बोटं जातील एवढी ढिली पट्टी ठेवून, हे शिकवलं ते एका जुन्या मावशींनी, नाईट ड्युटीला, चहा पिताना.

म्हणून २०२१ च्या यादीतलं ते नाव मी माझ्याबरोबर काम केलेल्या एका मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवलं, तो अजून याच लायनीत आहे, आता कंत्राटदारामार्फत. त्याने उत्तरात गळ्यातल्या आयकार्डाचा फोटो पाठवला. फोटो, नाव, ब्लड ग्रुप, आणि खाली पद, हाऊसकीपिंग.