आयर्लंडमधील शेततणांचा घरगुती वापर : पार्श्वभूमी

आयर्लंडच्या खेड्यांतील तणांचे उपयोग फार जुने असले, तरी त्यांचा तपशील मुख्यतः १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतील मुलांनी घरच्या व शेजारच्या वृद्धांना विचारून लिहिलेल्या वह्यांमुळे टिकला. मे महिन्यात नेटलचा, म्हणजे अंगाला लागल्यास झोंबणाऱ्या तणाचा, पाला तीनदा शिजवून खाल्ल्यास रक्त शुद्ध होते, नेटल लागून आग झाल्यास डॉकचे, म्हणजे आपल्या चुक्याच्या कुळातील वनस्पतीचे, पान चोळावे, जखमेवर इसबगोलाच्या जातीतील प्लँटेनचा पाला ठेचून बांधावा, अशा नोंदी त्यांत वारंवार आढळतात. १८४५ नंतरच्या दुष्काळात नेटल व मोहरीच्या कुळातील चार्लॉक यांवर अनेकांनी दिवस काढले. मात्र जुने बटाटे संपून नवे निघेपर्यंतच्या जुलैत चार्लॉक शिजवणे गरिबांना त्याआधीही नवे नव्हते.

या वह्या भरू लागल्या त्याच सुमारास सरकारने तणांविरुद्ध कायदा कडक केला, आणि हा योगायोग आजवर फारसा तपासला गेलेला नाही. तणांसंबंधीचा कायदा ब्रिटिश अमलात १९०९ मध्येच आला होता. १९३६ मध्ये स्वतंत्र शासनाने नवा कायदा केला आणि १९३७ च्या आदेशाने काटेरी थिसल, डॉक व पिवळ्या फुलांचे रॅगवर्ट यांना उपद्रवी ठरवून त्यांचा नायनाट करण्याची जबाबदारी जमीन कसणाऱ्यावर टाकली. रॅगवर्टबाबत या निर्णयाला भक्कम आधार होता. त्यातील विषाने गाईगुरांचे व घोड्यांचे यकृत निकामी होते, आणि वाळल्यावर त्याचा कडवटपणा कमी होत असल्याने गवतात मिसळलेले रॅगवर्ट जनावरे नकळत खातात. परंतु याच झाडाचा लेप दुखऱ्या सांध्यांवर लावला जाई, त्यापासून पिवळा रंग काढला जाई, आणि परीलोकातील मंडळी त्यावर स्वार होतात असे मानून काही जण ते उपटायलाही कचरत. डॉकला मात्र रॅगवर्टच्याच पंक्तीत बसवणे पटत नाही. तो पिकाची जागा खातो हे खरे असले, तरी गुरांना मारणाऱ्या विषाशी त्याची बरोबरी होत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशके आली, वाळल्या गवताऐवजी सायलेजची, म्हणजे ओला चारा मुरवून साठवण्याची, पद्धत रुळली आणि एकाच जातीच्या गवताची कुरणे वाढली, तसे हे ज्ञान वापरातून गेले. २०१५ मध्ये परागवाहक कीटकांसाठी संपूर्ण बेटाचा आराखडा जाहीर झाल्यापासून वसंतातील डँडेलियन हे पिवळ्या फुलांचे तण न कापता मधमाश्यांसाठी राखावे असे सांगितले जाते. तरीही १९३६ चा कायदा त्यानंतरही लागूच राहिला.